भोसरीची शेड आणि कंपनीचं बिल

भोसरी एमआयडीसीत संध्याकाळी चक्कर मारली की गल्लीगल्लीत क्रेट भरणारे टेम्पो दिसतात. आत दोन-चार लेथ, एखादं संगणकावर चालणारं सीएनसी मशीन, भिंतीवर तेलकट झालेलं ड्रॉइंग. इथले बुश, पिना असे यंत्रांचे छोटे सुटे भाग मोठ्या कंपन्यांच्या गेटवर जातात.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली. त्याच दशकात आकुर्डीत बजाज आणि सुमंत मुळगावकरांच्या देखरेखीखाली टेल्को (पुढची टाटा मोटर्स) उभी राहिली. आयातीवर परवान्यांची बंधनं होती, त्यामुळे सुटे भाग करून देणारी माणसं जवळपासच तयार करणं भाग होतं. कंपनी ड्रॉइंग द्यायची, माप तपासायचे गेज द्यायची, कित्येकदा कच्चा मालही. शेडवाल्याला मिळायची मजुरी. यालाच जॉबवर्क म्हणतात. कंपनीत अ‍ॅप्रेंटिस म्हणून शिकलेल्या अनेकांनी पुढे स्वतःची शेड टाकली. भोकात ‘गो’ गेज सहज गेला पाहिजे आणि ‘नो-गो’ शिरता कामा नये, ही शिस्त त्यांच्या हातात तिथेच बसली. या नात्यातली सगळ्यात मोलाची देणगी मला हीच वाटते. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि औरंगाबादच्या आसपासही असेच पुरवठादार वाढले.

पैशाची शिस्त मात्र फार उशिरा आली. माल आज आत जायचा, बिल महिनोन्‌महिने पडून राहायचं. इकडे पगार आणि वीजबिल थांबत नसे. थकबाकीवरच्या व्याजाचा कायदा १९९३ मध्ये झाला. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने मुदत बांधली: लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. पण ज्याची शेड एकाच गिऱ्हाइकावर चालते, तो त्याच गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार कशी करणार? पुढची ऑर्डर गेली तर कामगारांना काय सांगणार?

२०१७ पासून ट्रेड्स या ऑनलाइन मंचावर बिलं वटवून लवकर पैसे घेण्याची सोय झाली. खरा फरक पडला तो २०२३ च्या वित्त कायद्याने. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला तो खर्च प्राप्तिकरात वजा करता येत नाही. तक्रार न करताही दबाव येतो, तो असा. २०२४ च्या मार्चअखेरीस कंपन्यांच्या अकाउंट्स विभागातून शेडवाल्यांना निरोप येऊ लागले: “उद्यम सर्टिफिकेट पाठवा.” म्हणजे उद्योग सूक्ष्म आहे की लघु, हे सांगणारा सरकारी नोंदणीचा दाखला.