केळीच्या भावातलं जहाजाचं भाडं : खान्देशाचा चारशे वर्षांचा हिशेब

रावेर किंवा सावद्याच्या पॅकहाउसपासून न्हावाशेवा बंदरापर्यंत कंटेनरला किती गाडीभाडं पडतं, हे केळीच्या धंद्यातला कोणीही चटकन सांगेल. त्यापुढचं जहाजाचं भाडं, विमा, इंधनाचा अधिभार हे मात्र निर्यातदाराच्या कागदांतच राहतं. शेतकऱ्याला दिसतो तो बोर्डाचा, म्हणजे बाजार समितीने जाहीर केलेला भाव. परदेशी जाणाऱ्या मालाचा भाव तिकडच्या बाजारात ठरतो, वाटेतला खर्च त्यातून कापला जातो आणि उरेल ते वावरापर्यंत येतं. समुद्रावरची सुरक्षा, मालवाहतुकीचा खर्च आणि हवामानबदल यांच्या बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापून येतात. खान्देशाच्या हिशेबात तिन्ही एकाच वजाबाकीत बसतात, आणि ही वजाबाकी फार जुनी आहे.

खान्देशाला किनारा नाही, पण सुरत होतं. तापीच्या खोऱ्यातून सुरत–नंदुरबार–बऱ्हाणपूर हा मोगलकाळातला मोठा व्यापारी रस्ता जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला गेला. त्याच शतकात धरणगावात इंग्रजांची वखार होती. इथलं सुती कापड सुरतेहून मोखा, बसरा आणि पुढे लंडनपर्यंत जाई. तेव्हाही समुद्रावर फुकट काही नव्हतं. पोर्तुगिजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकारणं धोक्याचं होतं, आणि परवाना असूनही १६१३ मध्ये त्यांनी जहांगीर बादशहाच्या आईचं ‘रहीमी’ हे जहाज धरलं. १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने मोगलांचं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं, तेव्हा सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना कैदेत टाकण्यात आलं आणि जहाजांना सशस्त्र सोबत देण्याची जबाबदारी युरोपीय कंपन्यांवर घातली गेली. सोबतीचा खर्च शेवटी मालावरच चढतो, हे तेव्हाच्या सावकारांना कोणी समजावून सांगण्याची गरज नसावी.

खान्देशाचं नशीब समुद्राने सगळ्यात जोरात फिरवलं ते १८६१ नंतर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या ज्या कापसावर चालत तो बंदरातच अडकला. लिव्हरपूलला दुसरा कापूस हवा होता आणि मुंबईमागचा मुलूख त्याला तयार होता: वऱ्हाड, खान्देश, गुजरात. मुंबईत कापसाच्या खंडीचा (वजनाचं जुनं माप) भाव काही पटींनी वाढला. खान्देशात ज्वारी-बाजरीच्या वावरांत कपाशी शिरली. चांगलं बियाणं यावं म्हणून कलेक्टर अ‍ॅशबर्नर यांनी हिंगणघाटची जात इकडे आणवली. मालात सरकी, माती, पाणी मिसळण्याचे प्रकार इतके वाढले, की मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदाच केला. बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी याच काळाबद्दल सांगतात. खऱ्या-खोट्याचं सोडा, पण पैसा आला होता एवढं नक्की.

गंमत अशी, की हा पैसा आला तेव्हा घाट उतरायला बैलगाडीच होती. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं थळ म्हणजे कसारा घाटातलं काम पुरं झालं १८६५ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले आणि जुलैत मुंबईचा शेअरबाजार झोपला. म्हणजे तेजी आली ती अटलांटिकमधल्या लढाऊ जहाजांमुळे, आणि ती जहाजं हटताच गेली. मागे उरला रेल्वेरुळ आणि कपाशीची सवय. भुसावळ जंक्शन, जळगावचा कापूसबाजार, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने हे सगळं त्यानंतरच्या दशकांतलं.

१८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडला. मुंबई ते लंडन हे आफ्रिकेला वळसा घालून सुमारे साडेदहा हजार सागरी मैलांचं अंतर सहा हजारांच्या थोडं वर आलं. शिडाची जहाजं मागे पडली, कोळशावरच्या आगबोटी आल्या, भाडं उतरलं. पण भाडं उतरलं तरी ते ठरवणारे मोजकेच होते. मुंबई–जपान मार्गावर इंग्रजांच्या पी अँड ओसारख्या जहाजकंपन्या आपसांत दर बांधून घेत आणि कापसाला ते जड जाई. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई–कोबे मार्गावर जहाजं सोडली. जुन्या कंपन्यांनी भाडं जवळपास फुकटावर आणून टाटांची जहाजं बंद पाडली. जपानी कंपनी टिकली, आणि भारतीय कापसाला जपानचं मोठं गिऱ्हाईक मिळालं. मला हा प्रसंग आजच्या चर्चेत मुद्दाम आणावासा वाटतो, कारण भाडं वाढलं की आपण लगेच युद्धाकडे बोट दाखवतो. मोजक्या कंपन्यांच्या हातात मार्ग असणं हेही त्याचं कारण असतं.

विसाव्या शतकात धक्के येतच राहिले. १९१४ मध्ये ‘एमडन’ या एकट्या जर्मन युद्धनौकेने हिंदी महासागरात व्यापारी जहाजं बुडवत विम्याचे दर चढवले. १९६७ च्या अरब–इस्रायल युद्धानंतर सुवेझ कालवा आठ वर्षं बंद राहिला आणि जहाजं पुन्हा केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. लांबच्या फेरीचा खर्च भागावा म्हणून तेलाची जहाजं अवाढव्य झाली.

केळीचा संबंध मात्र दुसऱ्या एका शोधाशी आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लिन या अमेरिकी ट्रकवाल्याने ‘आयडियल एक्स’ जहाजावर ५८ अॅल्युमिनियमची खोकी चढवून न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेली. सुटा माल चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट लागत, त्याच्या हिशेबाने ते १६ सेंटवर आले. पुढे या खोक्याला थंड करणारं यंत्र जोडलं गेलं. १९८९ मध्ये न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं. इकडे ठिबक आणि टिश्यू कल्चरच्या रोपांमुळे एकसारखे घड यायला लागले. आज जी-नाईन जातीची हिरवी केळी धुऊन, फण्या बॉक्समध्ये भरून, तेरा-चौदा अंशांवर थंड केलेल्या रीफर कंटेनरमधून आखाती देशांत जातात. रीफर नसता तर रावेर-यावलची केळी रेल्वेच्या वॅगनमधून दिल्लीपर्यंतच गेली असती.

मग सोमाली चाचे आले. ऑक्टोबर २००८ पासून भारतीय नौदलाने एडनच्या आखातात गस्त सुरू केली. २०१० मध्ये जहाजधंद्याच्या संघटनांनी आपलं ‘अतिधोक्याचं क्षेत्र’ ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत वाढवलं. ही रेषा जमिनीवर ओढली तर जळगावच्याही पूर्वेला जाते. अर्थात आपला अख्खा पश्चिम किनारा चाच्यांच्या नकाशात गेला आणि विमा त्याप्रमाणे आकारला गेला. भारताने सतत तक्रार केल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये रेषा ६५ अंशांपर्यंत मागे सरकली. धोका किती आहे यापेक्षा तो कोण आखतो, यावर पैसे ठरतात, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

कोरोनाकाळात चाळीस फुटी कंटेनरचं सरासरी जागतिक भाडं २०१९ च्या दीड हजार डॉलरच्या आतून सप्टेंबर २०२१ मध्ये दहा हजारांवर गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुवेझमध्ये सहा दिवस आडवं पडलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज पळवलं, लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्या पुन्हा केपच्या वळशाला लागल्या. डिसेंबरमध्ये गुजरातपासून दोनशे सागरी मैलांवर ‘केम प्लूटो’ या टँकरवर ड्रोन पडलं. युद्धजोखमीचा विमा जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास गेला.

इथे नीट बघायला हवं. दुबईला जाणारी केळी लाल समुद्रातून जात नाही. तरीही वळसा घालणारी जहाजं दहा-बारा दिवस जास्त अडकली, की रिकामी खोकी वेळेवर परत येत नाहीत आणि सगळ्याच मार्गांवर चणचण होते. नाशवंत मालाला थांबता येत नाही. दुसरा फटका खतातून. केळीला पोटॅश भरमसाट लागतं आणि भारत जवळजवळ सगळं पोटॅश बाहेरून आणतो. त्यातलं इस्रायल आणि जॉर्डनचं पोटॅश मृत समुद्राकाठचं असतं आणि एलात-अकाबाहून लाल समुद्रातूनच इकडे येतं.

आता हवामानाचं. जगातल्या मालाचा वजनाने ८० टक्क्यांहून अधिक भाग समुद्रातून जातो आणि मानवनिर्मित हरितगृह वायूंतला सुमारे ३ टक्के वाटा जहाजांचा आहे. वेग दुप्पट करायचा तर इंजिनला साधारण आठपट जोर लागतो. म्हणून वळशात गेलेले दिवस भरून काढायला जहाज पळवलं की इंधन दोन्हीकडून जळतं, लांब अंतरानेही आणि जास्त वेगानेही. हवामान उलट फिरून जहाजांनाही अडवतं. २०२३ च्या दुष्काळात पनामा कालव्याला पाणी पुरवणारं गातून सरोवर आटलं आणि रोजची ३६ च्या आसपासची जहाजं २४ वर आणावी लागली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की घड करपतात आणि पावसाळ्यापूर्वीच्या वादळात उभ्या बागा आडव्या होतात. निर्यातीचा माल तिथेच कमी होतो, भाडं कितीही असो.

तरीही या धुराचा हिशेब बरीच वर्षं कोणाच्याच खात्यावर नव्हता. १९९७ च्या हवामानविषयक क्योटो करारात तो देशांच्या यादीतून काढून लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवला गेला. तिने २०११ मध्ये नव्या जहाजांच्या इंधनक्षमतेचे नियम केले, २०२० पासून इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आणली आणि २०२३ मध्ये २०५० च्या आसपास निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठरवलं. एप्रिल २०२५ मध्ये ठरावीक मर्यादेबाहेरच्या उत्सर्जनावर पैसे आकारणाऱ्या आराखड्याला मंजुरी मिळाली, भारताने बाजूने मत दिलं. ऑक्टोबरमध्ये अंतिम मतदान व्हायचं होतं, ते अमेरिका आणि सौदी अरेबियाच्या विरोधामुळे वर्षभर पुढे ढकललं गेलं.

युरोपने मात्र वाट पाहिली नाही. जानेवारी २०२४ पासून तिथल्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांना कार्बनचे पैसे भरावे लागतात, बाहेरून आलेल्या फेरीच्या निम्म्या उत्सर्जनावर. त्यामुळे रॉटरडॅमला जाणाऱ्या कंटेनरच्या बिलात हा अधिभार येऊ लागला आहे. दुबईच्या बिलात तो नाही. खान्देशची केळी आज मुख्यतः आखातात जाते म्हणून ही ओळ इथे फारशी कोणी वाचलेली नाही. युरोपचा बाजार धरायचा म्हणणाऱ्या निर्यातदाराला केपच्या वळशाचे दिवस, युद्धजोखमीचा विमा आणि कार्बनचा अधिभार हे तिन्ही एकाच कोटेशनमध्ये मिळतील.