चित्रीकरण आहे, पण दाखला कुठे आहे?

2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. वाद मतमोजणीचा नव्हता, घड्याळाचा होता. उमेदवारी अर्जाची मुदत 27 सप्टेंबरला दुपारी 3 वाजता संपत होती आणि खोतकरांचे अर्ज त्यानंतर स्वीकारले गेले, असा याचिकेतला आरोप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर व्हिडिओ कॅमेरे चालू होते. म्हणजे किती वाजता काय घडलं ते चित्रीकरणात सापडणार होतं. पण त्याच्या सीडी कोर्टापुढे आल्या त्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब च्या दाखल्याविना, म्हणजे संगणकातल्या नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर सोबत जोडायच्या सही केलेल्या प्रमाणपत्राविना. याचिकाकर्त्यांनी तो निवडणूक यंत्रणेकडे पुन्हा पुन्हा मागितला, मिळाला नाही. शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची उलटतपासणीतली उत्तरं दाखल्याच्या जागी पुरेशी मानली आणि नोव्हेंबर 2017 मध्ये निवडणूक रद्द ठरवली.

हा दाखला आला कुठून? 1872 च्या पुरावा कायद्याचा आग्रह साधा होता: मूळ कागद दाखवा, नक्कल चालवून घ्यायची तर त्याचं कारण द्या. संगणकातल्या नोंदीला कागदासारखं मूळ नसतं; पडद्यावर दिसतं ते, छापलेलं ते, सीडीवर उतरवलेलं ते, सगळ्या प्रतीच. म्हणून 2000 साली माहिती तंत्रज्ञान कायद्याबरोबर 65-ब हे कलम पुरावा कायद्यात घातलं गेलं. संगणकाची जबाबदारी असलेल्या माणसाने सही करून सांगायचं की यंत्र नेहमीच्या वापरातलं होतं आणि नीट चालत होतं. या कलमाचा साचा इंग्लंडच्या 1968 च्या दिवाणी पुरावा कायद्यातून उचललेला आहे. गंमत अशी, की इंग्लंडने ती तरतूद 1995 मध्येच मोडीत काढली होती.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने यावर बरीच वळणं घेतली. संसद हल्ला खटल्यात, 2005 साली, दाखल्याविना फोन कॉलच्या नोंदी चालल्या. 18 सप्टेंबर 2014 ला, म्हणजे जालन्याच्या त्या मुदतीच्या नऊ दिवस आधी, केरळमधल्या एका निवडणूक याचिकेत न्यायालयाने सांगितलं की दाखला नाही तर प्रतही नाही. 2018 मध्ये ही अट सैल झाली. आणि 14 जुलै 2020 ला जालन्याच्याच प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ती पुन्हा घट्ट केली. दोन वाटा मोकळ्या ठेवल्या: मूळ फोन किंवा लॅपटॉप घेऊन त्याचा मालक स्वतः साक्षीला उभा राहिला तर दाखला नको, आणि समोरचा दाखला देतच नसेल तर कोर्टाकडे अर्ज करून तो मागवून घ्यायचा. खोतकरांचं अपील मात्र फेटाळलं गेलं, कारण निकाल फक्त सीडींवर उभा नव्हता.

या सगळ्या काथ्याकुटात एक प्रश्न बाजूलाच पडला होता. सीडीतली तीन मिनिटं कुणी कापली असती तर? दाखला यंत्राबद्दल बोलत होता, फाइलबद्दल नाही.

ती उणीव 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 ने भरून काढायचा प्रयत्न केला. त्याच्या परिशिष्टात दाखल्याचा नमुनाच दिला आहे. भाग अ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचा हॅश लिहायचा. पंचनाम्यात मुद्देमालावर लाखेचं सील लागतं, तसं हे फाइलचं सील.

हॅश म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बिटवर, म्हणजे ती ज्यांनी बनते त्या प्रत्येक 0 किंवा 1 वर, गणिती प्रक्रिया करून काढलेली ठरावीक लांबीची संख्या. फाइल दोन ओळींची असो की दोन तासांच्या चित्रीकरणाची, एसएचए-256 ही पद्धत 64 चिन्हंच देते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी उत्तरातले साधारण निम्मे बिट बदलतात. फाइलचं नाव बदला, हॅश तोच राहतो, कारण नाव मजकुराचा भाग नसतं. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवा. तो दाबून लहान केला जातो, डोळ्यांना फरक कळत नाही, पण हॅश पार वेगळा. त्यामुळे तक्रारदाराने पुढे ढकललेल्या फोटोचा हॅश पोलिसांनी कितीही चोख काढला, तरी तो त्या प्रतीचा असतो, मूळ फोटोचा नाही.

नमुन्यात एसएचए-256 च्या सोबत एसएचए-1 आणि एमडी-5 या हॅश काढायच्या जुन्या पद्धतींनाही रकाने आहेत, हे मात्र मला खटकतं. एमडी-5 मध्ये दोन वेगळ्या फाइलींचा हॅश एकच आणता येतो, हे चिनी गणितज्ञ वांग श्याओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवून दिलं. 2017 मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित-संगणक संशोधन संस्थेने दोन वेगळ्या पीडीएफ फाइलींचा एसएचए-1 हॅश जुळवला. घाबरून जायचं कारण नाही: दुसऱ्याने जप्त केलेल्या फाइलीला शोभेल अशी बनावट फाइल मागाहून तयार करणं एमडी-5 मध्येही आवाक्याबाहेरचं आहे. पण जो स्वतःच फाइल बनवतो, तो जुळी जोडी आधीच तयार ठेवू शकतो. आणि पुरावा बऱ्याचदा पक्षकारानेच बनवलेला असतो.

याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. हॅश काढल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढंच हॅश सांगतो. ती मुळात खरी होती का, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. डीपफेकचाही, म्हणजे संगणकाने हुबेहूब बनवलेल्या खोट्या व्हिडिओचाही, हॅश निघतो. ब्रिटनच्या पोस्टात 1999 पासून होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली आली आणि तिने शाखा चालवणाऱ्यांच्या खात्यांत नसलेली तूट दाखवायला सुरुवात केली. यंत्र नीट चालत होतं हे फौजदारी खटल्यात सिद्ध करायची अट त्याच सुमारास तिथल्या संसदेने काढून टाकली होती, त्यामुळे कोर्ट यंत्राला बरोबर धरूनच चाललं. 900 हून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, आणि 2024 मध्ये खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. त्या नोंदींचे हॅश काढले असते तर शेवटपर्यंत तंतोतंत जुळले असते.

इंग्लंडने टाकून दिलेली अट आपण ठेवली, हे त्या दृष्टीने बरंच झालं. आपल्या नमुन्यातही यंत्र नीट चालत होतं असं वाक्य आहे, पण ते आधीच छापलेलं आहे; भरणाऱ्याने खाली फक्त सही करायची. वरच्या रकान्यांत उपकरणाचं मॉडेल, अनुक्रमांक, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), एवढंच काय, रंगही विचारला आहे. त्यावर कुठलं सॉफ्टवेअर चालत होतं आणि त्याची आवृत्ती कोणती, यासाठी स्वतंत्र रकाना नाही.