दम खाणं आणि विसावा

घाट चढताना दोन मिनिटं झाडाला टेकून उभं राहणं म्हणजे दम खाणं. काम संपो न संपो, ओटीवर पाय पसरून बसणं म्हणजे विसावा. दोन्हीत माणूस थांबलेलाच दिसतो, म्हणून दोन्हींना आपण सरसकट ‘विश्रांती’ म्हणतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी मनाला टोचणी न लावता विश्रांती घ्यावी, असं हल्ली बरंच बोललं जातं. पण यातली कोणती, हे क्वचितच विचारलं जातं.

दम खाण्याला कोणाची हरकत नसते, कारण तो पुढच्या चढणीच्या खात्यात जमा होतो. गुलामांच्या मालकांचीही नव्हती. मळ्यांवर नाताळ ते नववर्ष सुट्टी असे. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ मध्येच लिहून ठेवलंय, की बंडाची वाफ निघून जावी म्हणून ठेवलेली ती झडप होती.

विसावा मात्र खुपतो. १९१८ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना साउथ कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलमध्ये काय झालं पाहा. सैनिकांच्या बायकांना सरकारकडून दरमहा पैसे येऊ लागले, तशी काही कृष्णवर्णीय बायकांनी गोऱ्यांच्या घरची धुणी आणि स्वयंपाक सोडला. लगेच नगर परिषदेपुढे ठराव आला: प्रत्येक धडधाकट कृष्णवर्णीय बाईने नियमित काम केलंच पाहिजे. गोऱ्या सैनिकाची बायको घरी बसली तर गृहिणी, ही बसली तर ऐतखाऊ. दुपारी जरा आडवं झालं की जी टोचणी लागते, तिचा मसुदा असा सरकारी कागदावरही सापडतो. पुढे १९३८ च्या कायद्याने किमान वेतन आणि कामाचे तास ठरवले, पण घरकामगार त्यातून वगळले. नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक तेव्हा घरकामच करत होत्या. त्यांना त्या कायद्यात यायला १९७४ उजाडलं.

आजचा घोळ कृष्णवर्णीय अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सच्या बाबतीत उघड दिसला. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने बहुतेक अंतिम फेऱ्यांतून माघार घेतली, तेव्हा टीकेची झोड उठली. २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्णपदकं आली आणि सूर पालटला: बघा, थांबली म्हणून जिंकली! कौतुक मनापासूनचं असेल, पण तर्क दम खाण्याचाच. समजा, ती परतलीच नसती तर? हवेत गिरक्या घेताना तिचं दिशेचं भान सुटत होतं, मान मोडू शकली असती. थांबायला एवढं कारण पुरेसं नव्हतं का?

(स्पा, सुगंधी मेणबत्त्या वगैरे हा तिसराच धंदा. तो इथे नको.)

फरक बाहेरून ओळखणं मात्र अवघड. ट्रिशा हर्सी यांनी २०१६ मध्ये अटलांटात ‘नॅप मिनिस्ट्री’ सुरू केली. उशा-चादरी घेऊन लोकांनी एकत्र झोपायचं, असे तिचे कार्यक्रम. हर्सी आपल्या आजीची आठवण सांगतात. मिसिसिपी सोडून शिकागोला आलेली ही बाई राबराब राबायची, तरी रोज अर्धा तास सोफ्यावर डोळे मिटून बसायची. झोपलीस का म्हटलं तर उत्तर यायचं, डोळ्यांना आराम देतेय. त्यानंतर पुन्हा कामच असायचं, मग हा दमच ना? मला नाही वाटत. तो अर्धा तास तिला कोणी मंजूर केलेला नव्हता, आणि त्यातून काय निघालं हे तिला कोणाला दाखवायचं नव्हतं.

अर्थात दोन पाळ्या करणाऱ्या बाईला ‘मनाला लावून घेऊ नकोस’ म्हणणं सोपं आहे. अमेरिकेत पगारी सुट्टी द्यायलाच हवी असा संघराज्याचा कायदा आजही नाही. टोचणी गेली तरी घरभाडं राहतंच. म्हणून मला हर्सींच्याच अटलांटातल्या कृष्णवर्णीय धोबिणी आठवतात. मोलकरणीपेक्षा हे काम त्यांना बरं वाटे, कारण कपडे आपल्या घरी आणून धुता येत, मालकीण डोक्यावर नसे, मध्येच पोराला घेऊन बसता येई. १८८१ च्या जुलैत दर वाढवून मागत त्यांनी संप केला. वीसएक बायकांचा संप तीन आठवड्यांत तीन हजारांवर गेला. शहराने पंचवीस डॉलरच्या परवान्याची धमकी दिली. त्यांनी महापौरांना कळवलं: पंचवीस काय, पन्नासही भरू, पण शहराचं धुणं आमच्या हातात राहील.