रॉकर आर्म : तेलाच्या वाटेवरचं शेवटचं ठाणं

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन सुरू झालं की वरच्या झाकणाखालून बारीक टकटक ऐकू येते. ती टॅपेटच्या फटीची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणारी तरफ (रॉकर) यांमधल्या मोकळ्या जागेची, असावी असं बहुतेकांना वाटतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण फट नीट लावूनही आवाज गेला नाही, तर संशय रॉकर शाफ्टवर, म्हणजे हे रॉकर ज्यावर डोलतात त्या दांड्यावर, घ्यावा. या शाफ्टची झीज समजून घ्यायची, तर तेल तिथवर कसं पोचत आलं ते पाहावं लागतं.

साइड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी आणि त्यांना ढकलणारा फिरता उंचवटा, म्हणजे कॅम, त्यांच्या थेट खाली असे, त्यामुळे रॉकरची गरजच नव्हती. १९०४ मध्ये ब्यूकने व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर नेले. इंजिनाचा श्वास मोकळा झाला, पण कॅम असलेला दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, खालीच राहिला. खालून येणारा पुशरॉडचा, म्हणजे ढकलणाऱ्या उभ्या काठीचा, धक्का उलटा फिरवून व्हॉल्व्हवर द्यायला रॉकर आला. सुरुवातीच्या अनेक इंजिनांत हे रॉकर उघडेच असत आणि चालकाने तेलाच्या डब्याने त्यांवर थेंब सोडायचे. इंजिनाचे मिनिटाचे फेरे कमी असल्यामुळे तेवढ्यावर निभावत असे.

स्पोर्ट्स कारवाल्यांना मात्र फेरे हवे होते. १९२१ पासून विकल्या गेलेल्या ३ लिटर बेंटलीने कॅमशाफ्टच वर नेला. १९२६ च्या रायली नाइनमध्ये पर्सी रायली यांनी दोन कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच (इंजिनाच्या मुख्य धडात), पण उंचावर बसवून पुशरॉड आखूड केले. १९२९ च्या एमजी एम-टाइपच्या ८४७ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट वर होता आणि त्याला फिरवणारा उभा दांडा म्हणजे डायनॅमोचाच शाफ्ट. वरचं तेल त्या वाटेने झिरपून डायनॅमोत उतरायचं. तेल वर पोचवणं आणि ते वेळेवर खाली आणणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या इंजिनाने फार लवकर दाखवून दिलं. १९३६ च्या बीएमडब्ल्यू ३२८ ने ब्लॉकमधल्या एकाच कॅमशाफ्टवर अर्धगोल ज्वलनकक्ष साधला. एक्झॉस्टच्या बाजूला हेडवरून, म्हणजे सिलिंडर वरून बंद करणाऱ्या भागावरून, आडवे जाणारे जादा पुशरॉड आणि जादा रॉकर होते. रचना अतिशय देखणी, पण तेल मागणारे सांधेही तेवढेच वाढले.

युद्धानंतरच्या ब्रिटिश गाड्यांत या गोष्टीचा सगळ्यात ओळखीचा भाग घडतो. ऑस्टिन-हीली स्प्राइटमधलं ए-सिरीज इंजिन घ्या किंवा ट्रायम्फची इंजिनं, व्यवस्था साधारण एकच : पोकळ रॉकर शाफ्ट, त्यावर ओळीने रॉकर आणि एका टोकाच्या आधारातून वर चढणारं तेल. हे तेल कॅमशाफ्टच्या बेअरिंगमधून मोजूनमापून सोडलेलं असतं. पाटाच्या शेवटच्या वाफ्याला उरलंसुरलं पाणी मिळावं, तशी रॉकरची गत. वाटेच्या शेवटी गाळ साचतो आणि शाफ्टची बारीक भोकं बुजतात. पुशरॉड आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग दोघंही रॉकरला वर रेटतात, म्हणून शाफ्ट खालच्या बाजूने झिजतो. वरून पाहणाऱ्याला तो नवाच वाटतो. रॉकरच्या टोकालाही व्हॉल्व्हच्या आकाराची खाच पडते. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) त्या खाचेवर पुलासारखा टेकतो आणि खरी फट मोजलेल्यापेक्षा जास्त निघते.

यावर ट्रायम्फ मालकांत लोकप्रिय झालेला उपाय म्हणजे तेलाच्या मुख्य वाहिनीतून (गॅलरीतून) हेडच्या मागच्या बाजूला नेलेली बाहेरची नळी. मला तो पटत नाही. जास्तीचं तेल व्हॉल्व्हचा देठ ज्यात सरकतो त्या व्हॉल्व्ह गाइडमधून सिलिंडरमध्ये उतरतं, धूर येतो, आणि क्रँकच्या बेअरिंगच्या वाट्याचा दाब कमी होऊ शकतो. शाफ्टच्या टोकांची बुचं काढून आतला गाळ साफ करणं आणि झिजलेला शाफ्ट बदलणं, हा कष्टाचा पण खरा इलाज आहे.

अमेरिकेत १९५५ मध्ये शेव्हरोलेने शाफ्टच काढून टाकला. पॉन्टियॅकचे अभियंता क्लेटन लीच यांच्या कल्पनेतला हा रॉकर पत्रा दाबून बनवलेला, एका स्टडवर अर्धगोल बॉलच्या आधाराने डोलणारा. तेल पोकळ पुशरॉडमधूनच वर येई. वजन घटलं, खर्च घटला आणि प्रत्येक रॉकरला स्वतःची वाट मिळाली. त्याच वर्षी हे रॉकर असलेलं व्ही-८ इंजिन कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये बसलं. माझ्या मते रॉकरच्या इतिहासातली ही सर्वांत हुशार उडी.

युरोपात इंजिन-रचनाकार कोलंबो यांच्या फेरारी व्ही-१२ मध्ये रॉकरच्या कॅमला भिडणाऱ्या टोकाला रोलर होता, त्यामुळे घासणं कमी झालं. पोर्शे ९११ मध्ये प्रत्येक रॉकरला छोटा स्वतंत्र शाफ्ट मिळाला आणि कॅमवर भोकं पाडलेल्या नळीतून तेलाचा फवारा. अशा नळीची भोकं बुजली की काय होतं, ते १९७० नंतर फोर्डच्या पिंटो इंजिनाने दाखवलं : कॅम आणि त्यावर घासणारा फॉलोअर दोन्ही खाल्ले जात.

तेलही बदललं. पोलादावर पोलाद घासतं तिथे झिंक आणि फॉस्फरस असलेलं झेडडीडीपी हे द्रव्य संरक्षक थर धरतं. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) २००४ च्या एसएम या तेल-मानकाने त्याचं प्रमाण ०.०८ टक्क्यांवर रोखलं. ही मर्यादा १० डब्ल्यू ३० सारख्या पातळ श्रेणींपुरती आहे. जुन्या ब्रिटिश इंजिनांत चालणाऱ्या २० डब्ल्यू ५० ला ती लागू नाही. तरीही फॉस्फरसचा आकडा तेलागणिक वेगळा असतो, तेव्हा डब्यावरच्या नावापेक्षा उत्पादकाचं तांत्रिक माहितीपत्रक पाहून तेल निवडावं.