१२० तासांचा हिशोब: कॉमर्सच्या पदवीत इंटर्नशिप आली कशी

कॉमर्सच्या मुलांनी शिकता शिकता काम करणं महाराष्ट्रात मुळीच नवं नाही. सकाळी सातचं लेक्चर आणि दुपारी फोर्टातल्या ऑफिसात खर्डेघाशी, हा क्रम मुंबईत कित्येक पिढ्यांनी पाळला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात काढलेलं छत्रपती शिवाजी कॉलेज ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर उभं राहिलं. सीएच्या वाटेवरच्या मुलांना आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, चुकलेली नाही. तीन वर्षांची होती, जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांवर आली. मात्र या कामाने फी भागायची, हात बसायचा, एवढंच. गुणपत्रिकेत त्याची ओळही नसे. कामाचे तास पदवीत मोजून धरणं, हे नवं.

ही मोजणी अमेरिकेतली. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी इंजिनिअरिंगच्या २७ विद्यार्थ्यांना घेऊन ‘को-ऑप’ पद्धत सुरू केली. मुलांच्या जोड्या लावल्या: एक कारखान्यात, दुसरा वर्गात, आठवड्याने अदलाबदल. त्याच सुमाराला कार्नेगी फाउंडेशनने प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी कॉलेजांना अटी घातल्या आणि त्या ओघात शाळेतला एक विषय म्हणजे वर्षाला साधारण १२० तास, असं माप रूढ झालं. शिक्षण तासांत मोजायची सवय तिथून पसरली आणि पुढे आजच्या क्रेडिटपर्यंत, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या अभ्यासाच्या एककापर्यंत, आली. आपल्या ओजेटीला (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे पदवीतली इंटर्नशिप) देखील १२०च तास आहेत. हा योगायोग असेल, पण तासाने मोजण्याची खोड त्याच घराण्यातली.

भारतात बिट्स पिलानीने १९७३ पासून ‘प्रॅक्टिस स्कूल’, म्हणजे कंपनीत जाऊन करायचं काम, अभ्यासक्रमातच बसवलं. मॅनेजमेंटमध्ये एमबीएची उन्हाळी इंटर्नशिप रुळली. पुणे विद्यापीठाच्या एमबीएची मुलं तिला ‘एसआयपी’ (समर इंटर्नशिप प्रोजेक्ट) म्हणतात, आठ आठवड्यांची. पदवीच्या पातळीवर मात्र बराच काळ प्रोजेक्टवरच भागवलं गेलं. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएससारख्या (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) अभ्यासक्रमांत शेवटच्या वर्षाला जो प्रोजेक्ट असे, त्याला मुलांच्या तोंडी नाव ‘ब्लॅकबुक’. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, आत प्रश्नावलीचे पाय-चार्ट. प्रत्यक्ष ऑफिसात पाऊल न टाकता ते पुरं करता येई आणि कॉलेजाजवळच्या झेरॉक्सवाल्याला ही गोष्ट प्राध्यापकांइतकीच ठाऊक होती.

मग २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. त्याच वर्षी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप पदवीत गुंफण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२१ मध्ये अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे (एबीसी, विद्यार्थ्याची क्रेडिट साठवणारं ऑनलाइन खातं) नियम झाले, डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा क्रेडिट आराखडा आला आणि त्यात इंटर्नशिपला २ ते ४ क्रेडिट मिळाली. महाराष्ट्राने २० एप्रिल २०२३ च्या जीआरने आपली रचना ठरवली. पदव्युत्तर वर्ग आणि स्वायत्त कॉलेजं २०२३-२४ पासून, संलग्न कॉलेजांतली पदवी २०२४-२५ पासून. एम.कॉम.ला ओजेटी पहिल्याच वर्षी, दुसऱ्या सत्रात येते. पदवीला मुंबई विद्यापीठाच्या रचनेत ती सहाव्या सत्रात, ४ क्रेडिटची.

हिशोब सरळ आहे. वर्गात १५ तासांना एक क्रेडिट, तर कामावर ३० तासांना एक. म्हणजे ४ क्रेडिटना १२० तास. रोज सहा तास धरले तर कामाचे २० दिवस. रोज दोन तास धरले तर ६०. कागदावर दोन्ही सारखेच, पण शिकण्याच्या दृष्टीने मुळीच नाहीत. करसल्लागाराच्या ऑफिसाचं उदाहरण घ्या. तिथला महिना ठरलेल्या तारखांवर चालतो: ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र), १४ ला २बी (पुरवठादारांच्या विवरणांवरून बनणारा खरेदीचा तक्ता) तयार, २० पर्यंत ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र). पाच तारखेला लागून पूर्णवेळ बसलेल्या मुलीला एक फेरा आरंभापासून शेवटपर्यंत दिसतो. कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी दोन तास येणाऱ्याच्या वाट्याला बिलं फाइलला लावणं येतं. दोन महिने तेच.

कागदपत्रांचा क्रमही सगळीकडे साधारण एकच: कॉलेजचं विनंतीपत्र, आस्थापनेचं तारखांसह स्वीकृतीपत्र, रोजची लॉगबुक, तिथल्या मार्गदर्शकाची सही, शेवटी लेटरहेडवर प्रमाणपत्र, मग अहवाल आणि तोंडी परीक्षा. अडतं ते बहुधा प्रमाणपत्रावर. ‘दोन महिने समाधानकारक काम केले’ असं लिहून येतं आणि तासांचा आकडाच नसतो. क्रेडिट तर तासांना आहे. दुसरी नेहमीची अडचण तारखांची. प्रमाणपत्रात दिवसभराची हजेरी आणि त्याच दिवशी कॉलेजच्या मस्टरवरही हजेरी, किंवा चक्क परीक्षेचा पेपर. मामाच्या दुकानाचं प्रमाणपत्र आणलं म्हणून ते खोटं ठरत नाही, पण त्या दुकानाचा जीएसटी नंबर आणि बाहेरच्या कुणाची तरी देखरेख नसेल तर तोंडी परीक्षेत प्रश्न येणारच.

लॉगबुकमध्ये ‘जीएसटीचे काम केले’ एवढ्यावर भागवू नये. ‘खरेदीची ४६ बिलं टॅलीत घेतली, २बीशी ताळा केला, ३ जुळली नाहीत; दोघा पुरवठादारांनी जीएसटीआर-१ भरलेला नाही, एका बिलावर जीएसटी क्रमांकात चूक’ असं लिहिलेलं पान असलं की परीक्षकाला विचारायला काहीतरी मिळतं आणि सांगणाऱ्यालाही सांगता येतं.

काम करून एवढं झालं तरी क्रेडिट आपोआप खात्यात येत नाहीत. विद्यार्थ्याने एबीसी आयडी काढून कॉलेजला द्यायचा असतो. नोंद संस्थेकडून चढते. आधारवरचं आणि परीक्षा अर्जावरचं नाव वेगळं असलं की गाडी इथेच अडते, तेव्हा ते पहिल्याच वर्षी तपासावं.

बीबीए, बीएमएसवाल्यांच्या वाटेत आणखी एक वळण आहे. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) कक्षेत गेले, महाराष्ट्रात प्रवेशाला सीईटी आली आणि काही कॉलेजांनी नाव बदलून ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ची वाट धरली. त्यामुळे एकाच इमारतीतल्या दोन तुकड्यांना इंटर्नशिपचे नियम वेगवेगळे असू शकतात. सीनियरच्या व्हॉट्सअॅपवर न जाता आपल्या अभ्यासक्रमाचं सिलॅबस उघडून बघावं.

संलग्न कॉलेजांतली नव्या रचनेची पहिली तुकडी सहाव्या सत्रात पोचते ती २०२६-२७ मध्ये. हे सत्र डिसेंबर ते एप्रिल, म्हणजे नेमकं मार्च एंडिंगच्या तोंडावर. बँका, सीए, कंपन्यांची अकाउंट्स खाती, सगळीकडे तेव्हा हात हवे असतात, पण शिकवायला वेळ कुणालाच नसतो आणि मुलांची परीक्षाही जवळ आलेली असते. पाचव्या सत्रानंतरच्या सुट्टीत केलेले तास कॉलेज धरेल का, हे कामाला लागण्याआधी लेखी विचारून घ्यावं.