गुणसूत्रांचे प्रतिदीप्त रंजन

डीएनएला चिकटल्यावर अतिनील किंवा निळ्या प्रकाशात उजळणारी रंजके वापरून गुणसूत्रांवरील पट्टे दाखवण्याची पद्धत. कास्परसन व सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये १९६८ च्या सुमारास ती आधी वनस्पतींवर आजमावली. मानवी गुणसूत्रांची पाळी १९७० मध्ये आली.

त्यांचे रंजक होते क्विनाक्रीन मस्टर्ड. क्विनाक्रीन हे मुळात हिवतापाचे औषध. मस्टर्ड-गट (रंजकाचा क्रियाशील भाग) ग्वानिनला, म्हणजे डीएनएच्या चार घटकांपैकी एकाला, जोडला जाईल, तेव्हा उजळ पट्टे ग्वानिनसमृद्ध असावेत, असा आरंभीचा कयास होता. पुढे मस्टर्ड-गट नसलेले साधे क्विनाक्रीनही तेच पट्टे दाखवते असे आढळले. १९७२ मध्ये वाइसब्लूम व द हासेथ यांनी उलटे दाखवले: रंजक डीएनएतील घटकांच्या जोड्यांमध्ये (अॅडेनिन-थायमिन व ग्वानिन-सायटोसिन) शिरते, पण त्याची चमक अॅडेनिन-थायमिन भागात वाढते आणि ग्वानिनजवळ विझते. हेच मत आता अधिक ग्राह्य वाटते. तेव्हा पट्टा अंधुक म्हणजे तेथे रंजक बसलेच नाही, असे नव्हे. ग्वानिन किती अंतराने येते यावरही चमक अवलंबून असते.

होएक्स्ट ३३२५८ व डॅपी ही रंजके जोड्यांमध्ये न शिरता अॅडेनिन-थायमिनच्या सलग रांगेत डीएनएच्या गोफाच्या अरुंद खाचेत बसतात. बद्ध डॅपी ३५८ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषून ४६१ च्या आसपास निळा सोडते. क्रोमोमायसिन ए३ मॅग्नेशियमच्या साहाय्याने ग्वानिन-सायटोसिन भाग धरते.

वरूड, मोर्शी, काटोलकडील संत्र्याची गुणसूत्रे १८, लहान आणि दिसायला जवळपास सारखी. साध्या रंगाने फार तर मोजता येतात. लिंबूवर्गीयांत क्रोमोमायसिन-डॅपी ही जोडी म्हणूनच उपयोगी ठरली. संत्र्याचा डोळा ज्या जंबेरी या लिंबाच्या खुंटावर बांधतात, तिच्या गुणसूत्रांच्या काही जोड्यांतील पट्टे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यावरून ती संकरज असावी हे अनुमान निघाले. पुढे जनुकसंचाच्या अभ्यासांनीही संत्रावर्ग व महाळुंग यांच्या संकराकडेच बोट दाखवले. संत्र्याचे बी बहुभ्रूणी (एका बीत अनेक गर्भ, बहुतेक आईच्याच पेशींपासून झालेले) असल्याने रोपाच्या मुळाचे टोक तपासले, तरी ते बहुधा आईचीच नक्कल असते.

पऱ्हाटीत एवढा खटाटोप लागत नाही: देशी २६, अमेरिकन ५२, मोजणी पुरते. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा दोष मात्र डीएनएतील घटकांच्या एकाच जोडीतील बदलाचा, आणि एका पट्ट्यात अशा लाखो जोड्या असतात. त्यामुळे तो या पद्धतीने दिसत नाही. त्यासाठी रक्ताची विद्राव्यता चाचणी व इलेक्ट्रोफोरेसिस करतात.