ब्रिटनमध्ये कॉम्प्युटर सायन्स आणि उद्योजकता एकत्र शिकायची आहे? पात्रता, कागदपत्रे आणि व्हिसा

नॉटिंगहॅमसारख्या विद्यापीठांनी कॉम्प्युटर सायन्स आणि आंत्रप्रेन्युअरशिप एकाच एमएस्सीत शिकवायला सुरुवात केली, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. कोर्स साधारण एक वर्षाचा आणि १८० क्रेडिटचा असतो: १२० क्रेडिट वर्गातल्या विषयांचे, ६० प्रबंधाचे किंवा प्रकल्पाचे. प्रोग्रामिंगबरोबर मार्केटिंग, भांडवल उभारणी, बिझनेस प्लॅन असे सगळे येते.

मात्र अर्ज भरण्याआधी एक नियम वाचून घ्या, कारण एजंट तो सहसा सांगत नाहीत. स्टुडंट व्हिसावर ब्रिटनमध्ये धंदा करता येत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी चालते; स्वयंरोजगार अजिबात नाही. पुण्यातल्या क्लायंटला खोलीत बसून वेबसाइट बनवून देणे हेही त्यातच आले. ज्या कंपनीत तुमचा १० टक्के किंवा जास्त हिस्सा आहे, किंवा तुम्ही डायरेक्टर आहात, तिचे कामही करता येत नाही. घरच्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये नाव घातलेले असेल तर हे आधीच लक्षात घ्या. धंदा कसा करायचा हे शिकायचे आणि वर्षभर तो करायचा नाही, असा हा विचित्र प्रकार आहे. तरीही जावे का? माझ्या मते जावे, पण पुढच्या व्हिसाचा विचार आधी करून.

पात्रता

हे कोर्स दोन प्रकारचे असतात. एकाला कॉम्प्युटरचीच पदवी लागते: बीई, बीसीएस, बीसीए वगैरे. दुसरा कन्व्हर्जन प्रकार, म्हणजे बीकॉम किंवा मेकॅनिकलवाल्यालाही चालणारा. नावावरून फरक कळत नाही, प्रवेशाच्या अटी वाचाव्या लागतात. गुणांची अट ब्रिटिश भाषेत ‘टू-वन’ किंवा ‘टू-टू’ (तिथल्या पदवीचा वरचा किंवा खालचा दुसरा वर्ग) अशी लिहिलेली असते. भारतीय टक्केवारीत तिचा अर्थ प्रत्येक विद्यापीठ आपापला लावते आणि तो त्यांच्या भारतासाठीच्या पानावर दिलेला असतो. एटीकेटी लपवायच्या भानगडीत पडू नका, ट्रान्स्क्रिप्टवर ती दिसतेच.

इंग्रजीसाठी बहुतेक ठिकाणी आयईएलटीएस ६.५ आणि कुठल्याही भागात ६ पेक्षा कमी नाही, अशी अट सापडेल. काही विद्यापीठे बारावीचे इंग्रजीचे गुण मान्य करतात. राज्य मंडळाचे गुण चालतील का, हे ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. चालले तर परीक्षेची फी वाचते.

अर्जाचे कागद

पदव्युत्तर अर्ज बहुधा थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर होतो. पासपोर्ट, सर्व सत्रांच्या मार्कशीट, ट्रान्स्क्रिप्ट, पदवी प्रमाणपत्र किंवा प्रोव्हिजनल, सीव्ही, एसओपी (हा कोर्स का करायचा ते सांगणारे निवेदन) आणि दोन शिफारसपत्रे एवढे लागते. शेवटच्या वर्षाला असाल तर आतापर्यंतच्या निकालावर अर्ज करता येतो आणि सशर्त ऑफर मिळते. शिफारसपत्र देणाऱ्या सरांचा कॉलेजचा ईमेल असेल तर उत्तम. जीमेलवरून आलेल्या पत्राची पडताळणी करताना वेळ जातो.

आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचे आणि आईचे नाव, तर पासपोर्टवर वेगळाच क्रम. फक्त क्रम वेगळा असेल तर सहसा अडत नाही. स्पेलिंग वेगळे असेल तर नोटरीचे प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

एसओपीत ‘लहानपणापासून संगणकाची आवड’ लिहू नका. केलेला एखादा प्रोजेक्ट, कोणी वापरला, पैसे कोण देणार होते, अडले कुठे, हे दोन परिच्छेदांत आले की या कोर्ससाठी पुरते.

खरी परीक्षा बँकेच्या कागदांची

ऑफर पक्की झाली, डिपॉझिट भरले, की विद्यापीठ ‘कास’ क्रमांक देते, म्हणजे प्रवेश पक्का असल्याचा, व्हिसाच्या अर्जात लागणारा क्रमांक. त्याआधी अनेक ठिकाणी छोटी व्हिडिओ मुलाखत होते. काही संगणक विषयांना ‘अ‍ॅटास’ नावाची ब्रिटिश सरकारची सुरक्षा-मंजुरी लागते; तसे ऑफर लेटरमध्ये लिहिलेले असते. ती मोफत आहे, पण यायला काही आठवडे लागतात आणि ती आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही.

आता पैसे. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात दाखवावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि बाहेर १,१७१ पौंड धरतात, म्हणजे नऊ महिन्यांचे अनुक्रमे १३,७६१ आणि १०,५३९ पौंड. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पौंडाचा भाव वरखाली होतो, म्हणून थोडे जास्तच ठेवा. स्टेटमेंटची शेवटची तारीख अर्जाच्या दिवसापासून ३१ दिवसांच्या आतली असावी.

लगेच काढता येणारी एफडी चालते. शेअर, म्युच्युअल फंड, जमिनीचे मूल्यांकन चालत नाही. पतसंस्थेतल्या ठेवीही यासाठी उपयोगाच्या नाहीत, कारण बँक नियामकाच्या देखरेखीखालची हवी आणि पतसंस्थांवर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण नसते. गावाकडे घरची निम्मी पुंजी पतसंस्थेत असते, तेव्हा ती वेळेत बँकेत आणा.

खाते आई-वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचे संमतीपत्र आणि तुमचा जन्मदाखला लागतो. जुन्या दाखल्यांवर बऱ्याचदा बाळाचे नावच नसते, रकाना कोरा. ते महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत भरून घ्यायला दिवस लागतात, म्हणून हे काम आयईएलटीएसच्याही आधी करा. दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची अट नाही. मात्र कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर हवे आणि मंजुरीपत्र सहा महिन्यांच्या आतले हवे.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती जरूर पाहावी. तिथे विद्यापीठाचे जागतिक क्रमवारीतले स्थान पाहिले जाते, त्यामुळे विद्यापीठ निवडतानाच त्या वर्षीची जाहिरात जवळ ठेवा.

व्हिसा

अर्ज ऑनलाइन, कोर्स सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिल २०२५ मध्ये शुल्क ५२४ पौंड झाले. हे दर वरचेवर वाढतात, तेव्हा भरण्याच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पाहा. शिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या एमएस्सीचा व्हिसा वर्षापेक्षा काही महिने जास्त मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा, साधारण १,१६४ पौंड पडतो. क्षयरोगाची तपासणी ब्रिटनने नेमलेल्या क्लिनिकमध्येच करावी लागते. बोटांचे ठसे मुंबईत किंवा पुण्यात देता येतात. निकाल बहुधा तीन आठवड्यांत लागतो. जानेवारी २०२४ पासून अशा वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) एमएस्सीवर नवरा, बायको किंवा मुलांना सोबत नेता येत नाही.

धंदा मग कधी?

कोर्स पास झाल्यावर, स्टुडंट व्हिसा संपायच्या आत ब्रिटनमधूनच ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज करायचा. त्यावर स्वयंरोजगार चालतो. मुदत आतापर्यंत दोन वर्षे होती. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना दीडच वर्ष मिळणार आहे. दुसरा मार्ग इनोव्हेटर फाउंडर व्हिसाचा. पूर्वीची ५०,००० पौंड भांडवलाची अट एप्रिल २०२३ मध्ये गेली, पण मान्यताप्राप्त संस्थेने तुमची कल्पना नवी, चालणारी आणि वाढू शकणारी असल्याचे पत्र द्यावे लागते. दुसऱ्याच्या आधीच चालू असलेल्या धंद्यात भागीदार म्हणून शिरून ते मिळत नाही. तेव्हा प्रकल्पाचा विषय निवडताना याच तीन कसोट्या समोर ठेवा, म्हणजे प्रबंधासाठी केलेली बाजारपेठेची पाहणी आणि आकडेमोड त्या पत्राच्या अर्जातही वापरता येईल.